सोपान दारू पीत नव्हता

माझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं भरपूर आहेत. त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काही नाही. सांगतेय, एवढंच.

मी पिंपळे सौदागरला राहते. नोकरी सोडल्यावर मी दापोडीत, रेल्वे लाइनजवळच्या गल्ल्यांमधल्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. एका मंडळाचा हॉल मिळाला होता. पाचवी ते दहावीची मुलं. नुसतं गणित-इंग्रजी नव्हतं ते. मूल दोन दिवस दिसलं नाही की आम्ही त्याच्या घरी जायचो. गावाकडून आलेल्यांचे दाखले मिळवून द्यायचो, धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवू नका म्हणून आयांच्या मिनतवाऱ्या करायचो. पुष्कळ मुलं त्यामुळे शाळेत टिकली. हे खरं आहे. आणि ह्याच खऱ्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं बसून आहे.

ज्योती आठवीत होती. परभणीकडचं कुटुंब. वडील सोपान चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून हेल्पर, आई मंगल चार घरची धुणीभांडी करायची. पोरगी हुशार. आणि तिचा बाप — त्याच्याबद्दल काय सांगू? पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने नाशिक फाट्यावर उतरायचा आणि घरी न जाता आधी हॉलवर यायचा. दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. "शिकतंय का लेकरू?" एवढंच विचारायचा. हॉलचा पंखा बंद पडला तर स्टुलावर चढून त्यानेच चालू केला. त्याच्या भावाने ज्योतीला गावी पाठव म्हणून तगादा लावला होता, तेव्हा हाच माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "मॅडम, तुमी सांगा माझ्या भावाला फोनवर. माझं ऐकंना त्यो." मी सांगितलं. ज्योती राहिली.

दारूचा थेंब तो घेत नव्हता. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर नक्कीच ठाऊक होतं.

मग हॉल सोडायची वेळ आली. मंडळाला भाडं वाढवून हवं होतं, दोन शिक्षिकांचे पगार थकले होते. चाकणची एक मोठी कंपनी अशा कामांना मदत द्यायची. त्यांचा माणूस आमचा वर्ग बघून गेला, त्याला आवडलाही. जाताना म्हणाला, "मॅडम, आमच्या साहेबांसाठी एक कार्यक्रम ठेवा आणि त्यात एखादी केस सांगा. ऐकणाऱ्याच्या मनाला भिडली पाहिजे. असं नुसतं हजेरी वगैरे सांगून साहेब लोक हलत नाहीत."

केस. मी घरी येऊन विचार करत बसले. आमच्याकडे होती ती साधी माणसं. कष्ट करणारे बाप, थकलेल्या आया, कधी चिडणाऱ्या, कधी पोरांना फटका देणाऱ्या. ह्यात भिडण्यासारखं काय होतं? — असं मला वाटलं. हो, असंच वाटलं. ह्या माणसांचं रोजचं जगणं मला पुरेसं दुःखी वाटलं नाही. आज हे लिहिताना तोंडात कडू येतं.

मी ज्योतीला निवडलं. ती स्टेजवर चांगली बोलायची आणि चेहरा निरागस होता. हे मी अगदी असंच मनात म्हटलं होतं, भाजी निवडावी तसं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिला बाजूला घेऊन म्हटलं, मी तुझ्या पप्पांबद्दल थोडं काहीतरी सांगणार आहे. मग तुला विचारीन. तू फक्त हो म्हणायचं.

"काय सांगणार, ताई?"

मी सांगितलं.

"पण पप्पा पीत नाहीत ना."

"मला माहीत आहे गं. नुसतं तिथे सांगायचं. नाहीतर वर्ग बंद होईल आपला."

तिने मान डोलावली. तेरा वर्षांची मुलगी आणखी काय करणार होती? वर्ग बंद पडायचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं आणि तिच्या वेणीची रिबन नीट करून दिली.

कार्यक्रमाला कंपनीचे साहेब होते, आमच्या सोसायटीतले लोक होते, आमची मुलं सतरंजीवर पुढे बसली होती. मी बोलले. छान बोलले. बाप रोज पिऊन येतो, पुस्तकं फेकतो, आईला मारतो, एकदा दप्तर चुलीत घालायला निघाला होता — हे दप्तराचं मी तिथेच ऐन वेळी रचलं. त्यांच्या घरात चूलही नव्हती, गॅस होता. आणि बोलता बोलता माझा गळा दाटून आला. खरंच आला. मी रडले. स्वतःच्या खोट्यावर रडायला येतं माणसाला, हे मला त्या दिवशी कळलं. मग ज्योतीला जवळ घेऊन विचारलं, "हो ना, बाळा?"

"हो," ती म्हणाली. माइकमध्ये.

टाळ्या पडल्या. मी डोळे पुसून वर बघितलं तर मागे, दाराशी, सोपान उभा होता.

तो येणार नव्हता. त्याची शिफ्ट होती. लेक स्टेजवर बोलणार म्हणून त्याने कोणाशी तरी शिफ्ट बदलून घेतली होती, हे नंतर मंगलने सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाळ्या वाजवायला वर आणलेले हात तसेच छातीशी राहिले होते.

इथवरचं एक वेळ तुम्ही समजून घ्याल. समजून घेऊ नका. पुढचं ऐका.

चहाच्या वेळी आमच्यातल्या कोणीतरी कंपनीच्या साहेबांना सांगितलं, तो बघा मुलीचा बाप. साहेब भला माणूस होता. तो सरळ सोपानपाशी गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, सोडून द्या हो ती दारू. पोरगी सोनं आहे तुमची." मी तिथेच होते, दोन हातांवर, कागदी कप धरून. सोपानने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं. तो वाट बघत होता — मी काहीतरी बोलेन, गैरसमज झालाय म्हणेन, निदान साहेबाला दुसरीकडे नेईन. एक वाक्य लागलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं का? नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त हॉल होता, आणि सगळ्यांसमोर खोटी ठरायची भीती होती. मी चहाचा घोट घेतला.

सोपान खाली बघून म्हणाला, "व्हय साहेब. सोडतो."

साहेब खूश झाला. त्याने सोपानचा हात हातात घेऊन हलवला. बाजूला ज्योती उभी होती. तिने हे सगळं ऐकलं.

मदत मिळाली. हॉल राहिला.

सतरंजीवर बसलेल्या पोरांनी गल्लीत जाऊन जे ऐकलं ते सांगितलं. पोरंच ती. ज्योतीला चिडवायला लागली, सोपानला येता-जाता कोणी बाटलीची खूण करून दाखवायला लागलं. ज्योती वर्गाला यायची बंद झाली. मूल दोन दिवस दिसलं नाही की घरी जाणारी मी — महिनाभर त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. गेले तेव्हाही सोपान कामावर असेल अशी वेळ बघून गेले.

मंगलने मला बसायला खुर्ची दिली. चहा ठेवला. भांडली नाही. चहा गाळून कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरगी बापाच्या तोंडाकडं बघंना झालीय, मॅडम. ताट घिऊन भिंतीकडं तोंड करून जेवती. ह्यो तिला म्हंतो, तुजं काय चुकलं नाय माय, वर्गासाठी बोललीस तू. तरी न्हाई बघत." मग तिने विचारलं, "तुमी असं का म्हनलात?"

मी म्हटलं, तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठीच.

हे माझं उत्तर होतं. त्या बाईच्या घरात, तिचा चहा पिऊन.

त्यानंतर ते महाळुंगेला खोली घेऊन गेले. सोपानला कंपनी जवळ पडते, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. ज्योतीचं शाळेचं वर्ष मधे तुटलं. नवीन शाळेत नाव घालायला कोणी मदत केली का, मला माहीत नाही. आमचं काम तेच होतं, पण मी केलं नाही. शिक्षिकांनी विचारलं, का गेले हो ते? मी म्हटलं, "बाप तसाच होता ना." त्यांनी माना हलवल्या. पुढे मी ही गोष्ट ठिकठिकाणी सांगत गेले आणि शेवट बदलला — आम्ही खूप झटलो, पण बापाने पोरीला नेलंच. ह्या शेवटाला लोक जास्त हळहळतात.

मागच्या वर्षी चाकणला एका कंपनीत मीटिंगला गेले होते. आंबेठाण चौकात गाडी बाजूला घेऊन फळं घेत होते, तर शेजारून आवाज आला, "मॅडम, वळखलं का?" सोपान होता. केस पांढरे झाले होते. त्याने हात जोडले. मीही जोडले.

"वर्ग चालू हाय ना?"

"चालू आहे."

"बरं झालं. चालू ठिवा."

मी ज्योतीचं विचारलं. नववीनंतर शाळा सुटली, म्हणाला. आता पॅकिंगला जाते, कंपनीत. "बोलती आता माझ्याशी," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं, जणू मला बरं वाटावं म्हणून.

त्या क्षणी आजूबाजूला साहेब नव्हते, माइक नव्हता, हॉल जायची भीती नव्हती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी फळवाल्याला म्हटलं, पिशवी जरा मजबूत द्या. मग सोपानला येते म्हटलं आणि गाडीत बसले.

पुढच्या महिन्यात एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं. मी हीच गोष्ट सांगितली. दारूसकट, चुलीसकट. गळाही दाटून आला.