काटा चालतो, आकडे अडतात

मीटरमावशींच्या गाळ्यात दुसरी खुर्ची मावत नाही. गिऱ्हाईक उभं राहतं, आणि काम लांबणार असेल तर शेजारच्या शिंप्याकडचं स्टूल मागून आणतं. टेबलावर मान वळवता येणारा दिवा, चिमटे, बशीत तेलात टाकलेले स्क्रू, आणि भिंतीवर गाड्यांचे जुने मीटर. मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून मावशी हे काम शिकल्या. पुढे मनगटी घड्याळांचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा यजमानांनी ज्या कामाकडे पाहून नाक मुरडलं होतं त्यातच, म्हणजे गाड्यांच्या मीटरमध्ये, मावशींनी हात घातला. यजमान गेल्यावरही गाळा चालू राहिला तो त्याच कामावर.

यंदा त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण मावशींची स्वतःची परवानगी काही मिळेना. निळा रंग भलताच निळा दिसायचा, आणि चिमटा स्क्रूच्या जरासा अलीकडेच मिटायचा.

"आई, आता घरी बसून मला हुकूम सोडा की," सूनबाई म्हणाली.

"तुझ्यावर हुकूम चालला असता तर गाळा कशाला उघडला असता?"

ऑपरेशननंतरचं पहिलं काम घेऊन आले ते ड्रायव्हिंग स्कूलचे सर. गळ्यात शिट्टी, हातात किल्ली. "मावशी, वेगाचा काटा पळतोय, पण किलोमीटरचे आकडे जागचे हलत नाहीत."

काटा चालतोय म्हणजे मीटर फिरवणारी केबल शाबूत. मावशींनी मीटर उघडला. आकडे फिरवणाऱ्या नखाएवढ्या दातेरी चाकाचा एक दात उडाला होता. त्यांनी नवं चाक बसवलं, केबल ड्रिल मशीनला जोडून फिरवली, आणि आकडे शिस्तीत एकामागून एक वर सरकले. मावशींचा जीव भांड्यात पडला.

आठवडा उलटला नाही तोच सर पुन्हा दारात. तेच दुखणं, तेच चाक. मावशी मनात म्हणाल्या, आपण चाक तिरकं बसवलं असणार आणि ते आपल्याला दिसलं नसणार. या खेपेला त्यांनी भिंग डोळ्याला लावून काम केलं. चाक सरळ बसलंय याची खूण म्हणून सुईनं बारीक रेघही मारून ठेवली.

जेवताना त्यांनी सुनेला सांगून टाकलं. "हा मीटर आणखी एकदा परत आला, तर गाळा बंद. बिघडलेलं काम लोकांच्या गळ्यात बांधायचं नाही."

इतके दिवस सासूला घरी बसवू पाहणाऱ्या सूनबाईनं हातातली पोळी परत डब्यात ठेवली. मग म्हणाली, "आणि दिवसभर घरात कराल काय?"

"तुझ्या चुका काढीन."

"मग तो मीटर न आलेलाच बरा."

मीटर आला. सरांचा चेहरा पडलेला, मावशींचा त्याहून जास्त. डबा घेऊन आलेली सूनबाई दारातच थांबली. मावशींनी झाकण काढलं, दिवा जवळ ओढला. दात पुन्हा उडालेला. पण सुईची रेघ होती तिथेच होती. चाक केसभरही तिरकं नव्हतं. त्यांनी उडालेल्या दाताचा तुकडा चिमट्यात धरून बराच वेळ फिरवून पाहिला.

"हा झिजलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोडलाय. कोणीतरी मोडतंय."

दुरुस्त केलेलं घड्याळ फिरून आलं की यजमान आधी विचारायचे, रात्री ते ठेवता कुठे? एकदा तर ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फडताळ बघून आले होते. मावशींना ते आठवलं. त्यांनी नवं चाक बसवलं आणि म्हणाल्या, "सर, उद्या सकाळी मी गाडीत बसते."

"शिकायचंय का मावशी?"

"बघायचंय. मागे बसून."

दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर दवाखान्यातल्या नर्सताई होत्या. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. सर शांत. तिसऱ्यांदा गाडी हलली आणि रस्त्याला लागली, तसा सरांनी हात लांबवून मीटरखालचं छोटं बटण दाबलं. एका फेरीत किती किलोमीटर झाले ते दाखवणारे आकडे शून्यावर आले. मावशींच्या कानांनी एक बारीकसा 'टक्' टिपला.

"सर, हे काय केलंत?"

"शून्यावर आणलं. समोर नवं स्कूल निघालंय ना, ते सांगत फिरतात की आम्ही कमी चालवायला देतो. म्हणून हल्ली प्रत्येकाला शून्य दाखवूनच धडा सुरू करतो."

"मग गाडी उभी असताना दाखवा की."

"गाडी हलल्याशिवाय धडा सुरू झाला असं कसं म्हणायचं? आता ताईंचंच बघा, हलेपर्यंत..."

"मी ऐकतेय हं सर," नर्सताई म्हणाल्या.

"अहो, मीटरमधली चाकं पुढे धावतायत आणि तुम्ही त्यांना त्याच क्षणी मागे ओढताय. दातात दात अडकतो आणि कधीतरी मोडतो."

सर मीटरकडे पाहत राहिले. "म्हणजे मीच?"

"तुम्हीच," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की पदर डोळ्यांना लावावा लागला. काहीतरी बिघडलं असं वाटून नर्सताईंनी गाडी कडेला घेतली. ती मात्र अगदी झोकात, एकही आचका न देता.

त्या दिवसापासून सर गाडी उभी असतानाच शून्य दाखवू लागले. मावशी मात्र पुढचे काही आठवडे गाळ्यासमोर गाडी थांबली की दचकायच्या. मग एकदा सर समोरून जाता जाता थांबले, खिडकीतून मीटरकडे बोट दाखवून अंगठा वर केला आणि निघून गेले. मावशींनी भिंग डब्यात ठेवलं, शेजारच्या शिंप्याच्या हातातली सुई घेतली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवून दिला. त्यानं मागितलं नव्हतं, तरीही.

घरी गेल्यावर सूनबाईनं पाण्याचा पेला पुढे केला. "म्हणजे गाळा चालूच. माझ्या चुका काढायला आता तुम्हाला वेळ कुठला?"

"रविवारी बंद असतो गाळा," मावशी म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.