कच्ची कॅप
द्वारका चौकात कोणीतरी टेम्पोचं फुटलेलं फायबर सांधत होतं, रेझिनचा तो डोक्यात चढणारा वास आला आणि मी रस्त्यातच थांबलो. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्यात माझा जन्म गेला, पण मला आठवला तो दातांचा दवाखाना. बायकोचा पुढचा दात तुटला होता. पोरगेलीशी डॉक्टरीण वाटीत पूड आणि पातळ औषध कालवत होती, आणि वास थेट आमच्या शेडमधला. ती म्हणाली, "काका, ही कच्ची कॅप. पंधरा दिवसांनी पक्की बसवू." मी म्हटलं, "रेझिनच ना हे? माझी टाकी पंधरा वर्षं टिकते." ती हसली. "तुमच्या टाकीत काचेची जाळी असते काका. यात नाही. हे मोडतं." पुढे बायको दोनदा म्हणाली, "अहो, जाऊन येऊ ना दवाखान्यात." मी म्हटलं, "चांगली घट्ट बसलीय की. रेझिन मला नको शिकवू." चार महिन्यांनी घोटीला भाचीच्या लग्नात तिनं चकली चावली आणि कॅपचे दोन तुकडे झाले. ते माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "घ्या तुमची टाकी." मग दिवसभर तिनं ओठ उघडले नाहीत, फोटो काढतानाही नाही. दुसऱ्याच महिन्यात ती गेली. भिंतीवर आता तोच फोटो आहे. येणारे म्हणतात, बाई किती शांत होत्या. शांत कसली, दिवसभर खिदळायची. पण दाताचं सांगायला माझं तोंड उघडत नाही, मी नुसतं हो म्हणतो.