शिलाईचं एक इंच

तात्या शिंप्यांच्या दुकानात टेबलाखाली चिंध्या साठायच्या, तसे आमच्या कंपूचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर तीन बाहेर येतात. त्यात मला धड एका जागी बसवत नाही, त्यामुळे सांगतानाही मी उड्या मारतो. बायको म्हणते, "तुम्हांला मास्तर केलं कुणी?" ते मलाही कळलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. मी वाईचा, बदलीनं मलकापूरच्या शाळेत आलेला. कापडावर रेशनिंग लागलेलं, त्यामुळे तात्यांचं बेतायचं टेबल रिकामं. त्यांचा एकुलता एक मुलगा सिरपती पलटणीबरोबर इटलीत गेलेला आणि दसऱ्यापासून त्याचं पत्र नाही. तात्यांना काही सुचत नसे. रिकाम्या टेबलावर कात्री उघडायची, मिटायची, रस्त्याकडं बघायचं, पुन्हा कात्री उघडायची. बघून बघून माझाच जीव कासावीस व्हायचा.

खेळ सुरू झाला तो हवालदारांमुळे. हवालदार म्हणजे पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन लंगडत आलेले पेन्शनर. दिवाळी सरली, समोरच्या घरच्या पोरांनी किल्ला मोडला आणि मातीचे मावळे उकिरड्यावर टाकले. हवालदार तिथं गेले, धोतराच्या सोग्यात आठ मावळे घालून घेऊन आले आणि तात्यांच्या टेबलावर ओळीनं उभे केले.

मी म्हणालो, "हवालदार, हे काय?"

"सिपाई उकिरड्यावर टाकायचा न्हाई," ते म्हणाले. "आमाला फलटणीत वाळूवर डोंगर-नाला करून लढाई शिकवायचे. तुमी हिशोबी माणूस, नियम ल्ह्या. तात्या, ती इस्त्री हिकडं ठिवा, ती चौकी."

तात्यांनी कात्री खाली ठेवली. महिन्याभरात पहिल्यांदा.

*

पहिलं भांडण मापावरून. शिपायानं एका वेळी एक वीत चालायचं असा मी नियम लिहिला. पण वीत कुणाची? हवालदारांचा पंजा सुपाएवढा. त्यांचा मावळा तिसऱ्या चालीत इस्त्रीवर, माझा अजून रिळांच्या झाडीत! मग ठरलं, तात्यांची टेप घ्यायची आणि सहा इंच चालायचं. मोजायचं तात्यांनीच. जवळ आलं की कवड्या टाकायच्या, चार उताण्या पडल्या तर समोरचा शिपाई पडला.

आठ दिवस तात्या हरेनात. हवालदारांना संशय आला. त्यांनी टेपवर डोळा लावला आणि ओरडले, "तात्या, ह्ये सात इंच हायत!"

तात्यांनी निवांत टेप गुंडाळली. "सहाच हायत. एक इंच शिलाईत दाबाय सोडलंय."

तीस वर्षांची सवय, हात सैलच पडायचा. त्या एका इंचावरून हवालदार रोज भांडले. दुपारी भांडायचे, संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगायचे, सकाळी पुन्हा नव्यानं भांडायला यायचे.

*

समोर शत्रू हवा. पण जर्मन व्हायला कुणी तयार नाही. शेवटी हवालदार म्हणाले, "मी हुतो, पर सिपाई येगळं पायजेत." म्हणून साळूबाई कुंभारणीला सांगितलं, आठ जर्मन कर.

"जर्मन कसा असतोय?"

"गोरा. डोस्क्यावर टोपी. मिश्या न्हाईत."

आठवड्यानं साळूबाईनं पाटी आणली. टोप्या होत्या, चुना लावून गोरे केले होते. आणि आठही जणांच्या कपाळाला लालभडक गंध!

हवालदारांनी डोक्याला हात लावला. "आगं बाई, जर्मन गंध लावतोय व्हय?"

"मोकळं कपाळ बरं दिसंना," साळूबाई म्हणाली. "कुणाची तरी लेकरंच हायत की."

गंध खरवडायला कुणी धजलं नाही. हवालदार पुढं वर्षभर तेच गंधवाले जर्मन घेऊन खेळले.

*

बाबू पोस्टमनला खेळाचा लय नाद. पण त्याची सायकल दारात आली की तात्यांच्या हातून टेप गळायची. पत्र आलं तर बरं, पण तार आली तर? बाबू आत येऊन "काई न्हाई" म्हणेपर्यंत दुकानात कुणी श्वास घेत नसे.

बाबूनं मग स्वतःच उपाय काढला. कोपऱ्यावरच्या चिंचेपासूनच ओरडायचा, "खेळा, खेळा! काई न्हाई!"

तार नाही म्हणून तात्यांना हायसं वाटायचं, आणि पत्रही नाही म्हणून लगेच तोंड उतरायचं. एका हाकेत दोन्ही. मला तर ती हाक ऐकली की उठून चालायला लागावंसं वाटायचं, आणि मी चालायचोही. चिंचेपर्यंत जाऊन परत यायचो.

*

तात्यांच्या आठांत एक मावळा होता, त्याचा एक कान उडालेला. त्याला ते कधी पुढं काढत नसत. रिळांच्या मागं, कात्रीच्या आडोशाला उभा. आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण आहे. पडलेला शिपाई बटणांच्या डब्यात टाकायचा असा नियम. तात्यांचे सात डब्यात जायचे, तरी तो तिथंच.

एकदा माझा तोल गेला. मी म्हणालो, "तात्या, सात माणसांनीच लढायचं, तर आठवा घरी नेऊन ठेवा. नाहीतर मी माघार घ्यायचा नियम लिहितो. टेबलाची कड ओलांडली की तो सुटला."

"माघारीचा नियम ल्ह्यायचा न्हाई," हवालदार गरजले. "मावळा पाठ दाखवत न्हाई!"

तात्यांनी कात्री त्या मावळ्याच्या आणखी जवळ सरकवली. नियम लिहिला गेला नाही. घरी गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

*

सिरपती आला तो न सांगता, भर दुपारी, डोक्यावर ट्रंक घेऊन. "मी येतोय" हे त्याचं पत्र त्याच्यानंतर नवव्या दिवशी पोचलं. बाबूनं ते त्याच्याच हातात दिलं. "तुझंच हाय, तूच वाच."

पोरगा धड होता, पण बोलत नव्हता. दाराकडं तोंड करून बसायचा. चार दिवसांनी हवालदारांना राहवेना. "आता खरा सिपाई आला. ये रं, हो हुबा. मी जर्मन."

सिरपती उठला. त्यानं टेबल बघितलं, आठ मावळे बघितले. कान उडालेला कात्रीमागून काढून मधोमध ठेवला. तात्यांनी कात्री जवळ ओढून घेतली.

पहिल्याच चालीत त्यानं सगळ्यांची तोंडं फिरवली आणि मागं चालवायला लागला.

"आरं, पुढं!" हवालदार म्हणाले.

सिरपती ऐकेना. सहा इंच मागं, पुन्हा सहा इंच मागं. हवालदारांचे जर्मन पाठीवर आले. त्यांनी कवड्या फेकल्या, चार उताण्या पडल्या आणि कान उडालेला मावळा आडवा झाला. मी सवयीनं बटणांचा डबा पुढं केला.

"डब्यात न्हाई," सिरपती म्हणाला. त्यानं आडवा मावळा दुसऱ्याच्या खांद्याला टेकवला. "ह्यो ह्याला घिऊन चालंल. ओझं हाय, तवा तीन इंचच चालंल."

असला नियम नव्हता. मी डबा मागं घेतला.

एकेक करत सहाजण कड ओलांडून त्याच्या तळहातावर आले. ती जोडी मागं राहिली, कडेपासून चार इंचांवर. पाठीमागं तीन जर्मन. ही चाल सिरपतीची, पुढची हवालदारांची. सिरपतीनं बापाकडं बघितलं.

तात्यांनी टेप लावली. टेपचं टोक कडेवरून खाली आलं.

"तीन," तात्या म्हणाले.

हवालदारांनी वाकून टेपवर डोळा लावला. बराच वेळ लावला. मग कवड्या मुठीत घेतल्या आणि म्हणाले, "माप बरोबर हाय."