समासातले तीन हात

“तीनदा चुकलाय, पण काय सुरेख चुकलाय!” काका समोरच्या कागदाशीच बोलत होते.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये ते चित्रांभोवतीचे जाड पुठ्ठे कापतात आणि मी त्यांची मापं लिहून देते. त्या दिवशी टेबलावर एका आधुनिक ब्रिटिश चित्रकाराची, पेंटिंगआधीची पेन्सिलची कच्ची रेखाटनं होती. एकात खुर्चीवर बसलेली बाई, आणि समासात तिचाच हात तीनदा काढून बघितलेला.

काका नागपूरचे. कापण्याआधी ब्लेड एकदा हवेत फिरवतात, “थांब यार” म्हणतात आणि पुन्हा मोजतात. हे कुणाला म्हणतात, ते विचारायचा मला कधी धीर झाला नाही. ते बोलतात, मी मान हलवते.

मी समास नुसत्या रेघोट्या समजून मापातून वगळला होता. काकांनी माझी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि पुठ्ठ्याची चौकट मोठी कापली. तिन्ही हात दिसत राहिले.

दुपारी क्युरेटर आली. माझ्या मापांवरूनच तिने फ्रेम मागवली होती. “ठरलेलं माप कुणी बदललं?”

त्या चिठ्ठीत मी चित्राचाच भाग वगळलाय हे तिला कळलं असतं तर माझं काम गेलं असतं. काकांनी खिशावर हात ठेवला. “सॉरी, माझी चूक. लहान कापून देतो.”

त्यांनी नवा पुठ्ठा घेतला, ब्लेड हवेत फिरवलं. मी उगीच पेन्सिलीचा रंग नखाने खरवडत होते.

“थांब यार,” ते पुटपुटले.

“थांबा काका,” मी म्हणाले. “चुकीचं माप मी लिहिलं होतं. तिन्ही हात राहू द्या.”