हिच्या वाटणीचा भंडारा

शालनला नटायची भारी हौस. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायचं तिचं काम. दिवसभर अंगावर सुताची कुसं उडायची, घामानं चेहरा निथळायचा. पण घरून निघताना पावडर, लिपस्टिक, गुलाबाचं सेंट आणि साडीला जुळणारी टिकली लावल्याशिवाय बाई उंबरा ओलांडायची नाही. सोबतच्या बायका तिला हिरॉईन म्हणायच्या. ती रागवायची नाही, उलट पदर सावरून आणखी ताठ बसायची.

सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरात वाढलेली मुलगी. माहेरी आरशाचा एकच तुकडा होता, तोही बापाच्या दाढीपुरता. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, जोतिरामबरोबर शहरात आली आणि तिनं हट्टानं माणसाच्या उंचीचा आरसा घ्यायला लावला. अशा बाईलाच छातीचा कॅन्सर गाठायचा होता.

ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेक झाले. केस गेले, भुवया गेल्या. पुढं केस आले ते पांढरेफटक. शालननं आधी काय केलं, तर केस काळे करायची पुडी आणायला सांगितली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "या वस्तूंमुळं आजार उलटतोच असं मी म्हणणार नाही. तेवढं पक्कं अजून कुणाला ठाऊक नाही. पण शेक दिलेली कातडी फार नाजूक असते. रंगाच्या, वासाच्या वस्तू सध्या लांबच ठेवा."

मग लेक कामाला लागली. सृष्टी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. डब्यांवरची बारीक अक्षरं फोनमध्ये मोठी करून वाचायची, नावं शोधायची आणि डबा पिशवीत टाकायची. कपाट बघता बघता रिकामं झालं. गुलाबाचं सेंट पिशवीत पडलं तेव्हा शालनला रडू फुटलं. ऑपरेशनच्या वेळी रडली नव्हती ती. कुणाला हसू येईल, येऊ दे. एवढं सगळं अंगावरून काढून घेतल्यावर ती एक बाटली तरी राहू द्यायची होती, असं तिला वाटलं.

राहिला तो फक्त सासूबाईंचा भंडारा. कस्तुराबाई सुनेच्या आजारपणात गावाहून आल्या त्या इथंच राहिल्या. आजार कळल्या दिवसापासून त्यांनी पायातली चप्पल सोडली होती. बिरोबाच्या जत्रेतून आणलेल्या भंडाऱ्याच्या, म्हणजे देवाच्या हळदीच्या पुड्या त्यांनी देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. रोज सकाळी शालनला समोर बसवायच्या, चिमूटभर भंडारा कपाळाला लावायच्या आणि चिमूटभर गळ्याखाली, शेक दिला होता तिथवर. डोळे मिटून देवाशी काहीतरी पुटपुटायच्या. मेंढरं राखून खरबरीत झालेला तो हात अंगावर असेपर्यंत शालनला भीती वाटायची नाही. दिवसातला तेवढाच वेळ.

महिन्याभरात गळ्याखाली लालसर चट्टा उठला. खाज सुटली. शालननं साबण बदलला, तेल बंद केलं, नवा गाऊन टाकून दिला. चट्टा वाढतच गेला. आजार परत आला की काय, या धास्तीनं तिची झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "इथं काही लावता का? लावत असाल तर बंद करा, काहीच लावायचं नाही."

"कायबी न्हाय," शालन म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. भंडारा हा देवाचा. तो लावण्याच्या वस्तूंत मोडतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या घरात कुणाच्याच आलं नसतं.

घरी आल्यावर सृष्टीनं देव्हाऱ्यातली पुडी हुंगली. "आई, याला हळदीचा वासच नाही. हा रंग आहे."

"आजीम्होरं बोलू नगंस," शालननं तिला दटावलं.

पुढं रोज सकाळी ती सासूपुढं बसायची, आणि मग मोरीत जाऊन ओल्या टॉवेलनं भंडारा पुसून टाकायची. चट्टा उतरायला लागला. ज्या बाईनं आपल्यासाठी अनवाणी पाय भाजून घेतले, तिला हे सांगायचं कोणत्या तोंडानं? पण एका सकाळी कस्तुराबाईंनी तिला पुसताना पाहिलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शालनला भंडाऱ्यासाठी हाक मारली नाही.

शालन दिवसभर घरात चोरासारखी वावरली. संध्याकाळी मोरीत धुण्याचा आवाज येत होता, तो अचानक थांबला. कस्तुराबाई भंडाऱ्याचे पिवळे डाग पडलेला ओला टॉवेल घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"शालन, हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल हुतो की. ह्यो का हुईना?"

शालननं मान खाली घातली.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय, आत्या."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई जीव लावून लावत हुता."

कस्तुराबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आपल्या हाताकडं बघत राहिल्या. "म्या माज्या हातानं तुज्या अंगाला इख चोळलं," एवढंच म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. शालन शेजारी बसली. "तुमचा हात हुता म्हणून तर मी रोज बसत हुते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी बाजारातून हळकुंडं आणली, खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली. घरभर हळदीचा वास सुटला. पुढच्या सकाळी त्यांनी ती हळद देवापुढं ठेवली आणि शालनला हाक मारली. शालन येऊन बसली. गळा पुढं केला.

"न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "डाक्टरीणबाईंनी कायबी लावू नगा म्हणलंय न्हवं? देवाचं झालं तरी कायबीच."

त्यांनी चिमूट उचलली, स्वतःच्या कपाळाला लावली. मग दुसरी चिमूट उचलली आणि तीही स्वतःच्याच कपाळाला लावली.

"ही हिच्या वाटणीची," त्या देवाला म्हणाल्या, आणि मोकळा डावा हात शालनच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.