पंचांचा दम

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका निःपक्षपाती माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि त्या गुणापायी घरच्यांचा जेवढा छळ झाला तेवढाही कुणाचा झाला नसेल. उंब्रजकडच्या गावांत ते कबड्डीचे पंच. ताडासारखे उंच, किडकिडीत, गळ्यात शिट्टी. ती फक्त अंघोळीला काढतात. घरात दोघी सुनांचे वाजले तरी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय जेवायला बसत नाहीत, तोवर आमटी गार. पोटच्या पोराला मैदानात बाद दिले, आणि घरी आल्यावर कारण समजावले, तेही हातवारे करून.

अशा माणसाचे उजवे फुप्फुस दोनदा बसले. फुप्फुसावरचा बारीक फोड फुटतो, हवा छातीत शिरते आणि फुप्फुस मिटते. तिसऱ्यांदा बसू नये म्हणून ऑपरेशन हवे, फोड कापायचे, हे ठरले. पण फुप्फुस छातीला चिकटून राहावे म्हणून आतले अस्तर खरवडायचे, सोलायचे, की शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क पावडर, उधळायची, यावर कराडच्या आणि सांगलीच्या डॉक्टरांचे जुळेना. मेहुण्यांनी दोघांनाही सारखाच वेळ दिला.

"पावडर लावलेला गडी आमी बाहेर काढतो, निसटतोय म्हणून," ते सांगलीच्या डॉक्टरांना म्हणाले. "आन् तुमी म्हणताय, पावडरीनं चिकटतंय."

"आत सूज येते, तिनं चिकटतं. सोललं तर पकड घट्ट, पण दुखणं जास्त, रक्तही जास्त जातं. खरवडलं तर त्रास कमी, पण पुन्हा बसायची भीती थोडी उरते."

"म्हंजे गडी सुटू शकतो."

"क्वचित."

मेहुणे माझ्याकडे वळले. "दाजी, निर्णय तुमी द्या. सोताच्या सामन्याला पंच बसत न्हाई."

मी भाजीसुद्धा बायकोला विचारून आणणारा माणूस. मी म्हणालो, खरवडा. त्यांचे दुखणे मला बघवले नसते. म्हणजे विचार मी त्यांच्या छातीचा नाही, माझ्या जिवाचा केला.

ऑपरेशन नीट झाले. तरी ते नुसते खोकले की मला वाटते, सोलायलाच सांगायला हवे होते. एकदा न राहवून तसे बोललो.

"पंचाच्या निर्णयावर तक्रार चालत न्हाई, दाजी," ते म्हणाले. "आन् निर्णय दिल्यावर पंचानं रडायचं नसतं."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज सकाळी त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही, एकदम "कबड्डी, कबड्डी, कबड्डी", एका दमात. इकडे मीही श्वास धरून ऐकतो. माझा आधी सुटतो, तो त्यांना ऐकू जातो. "दाजी बाद," म्हणतात आणि समाधानाने फोन ठेवतात.

हल्ली त्यांचा दम जरा लवकर संपतोय असे मला वाटते. म्हणून मी माझा त्याआधीच सोडून देतो.