आईचं ऑपरेशन पुढे गेलं तेव्हा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पेणला करायचं ठरलं, तेव्हाच तिने पिशवी भरून ठेवली. बाबा गेल्यापासून ती खांब गावात एकटी राहायची, मी रोह्याला. गुडघ्यामुळे तिला अंगणात उतरणंही जड झालं होतं.

पेणच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिचे जुने केसपेपर मागितले. रोह्याच्या डॉक्टरांकडचे सगळे कागद मी नेले होते. वजन, रक्ताचे रिपोर्ट, औषधं, न्हाणीत पडली होती तेव्हाचा एक्स-रे, सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. मग आईला त्यांचा हात घट्ट दाबायला सांगितलं, थोडं चालवलं.

"आजी, वयाची अडचण नाही," त्या म्हणाल्या. "पण अंगात ताकद उरलेली नाही. वजन सारखं उतरतंय. आत्ता ऑपरेशन केलं तर खाटेवरून उठणं अवघड होईल. थोडं थांबू."

आईचा चेहरा पडला. "म्हंजे मी मोडीत निघाले?"

"तसं होऊ नये म्हणूनच थांबायचं."

परतताना कोलाडला चहाला थांबलो. मी विचारलं, "आई, नीट जेवतेस ना?"

ती बशीत चहा ओतत राहिली. मग म्हणाली, "एकटीसाठी काय रांधायचं गो? चहा-टोस्ट खाते. तुझे बाबा होते तवा ताट वाढायला हुरूप होता."

मी भेटायला गेले की ती मला पोटभर वाढायची आणि "माझं मगाशीच झालं" म्हणायची.

तिला सरळ माझ्याकडे आणलं. सकाळी अंडं, दुपारी वालाचं बिरडं किंवा मासळी, आणि रोज खुर्चीवरून उठ-बस. "शाळेत मास्तरांनी पण एवढ्या उठाबशा काढायला लावल्या नाय," ती कुरकुरायची. पण घरच्या सगळ्यांसोबत बसून जेवताना हळूहळू भात मागून घेऊ लागली.

दिवाळीनंतर पुन्हा पेणला गेलो. डॉक्टरबाईंनी तिला चालवून पाहिलं आणि हसून मान डोलावली. ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस तिला भ्रम झाला. मला ओळखेना, बाबांना हाका मारी. असं होऊ शकतं, हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी माझा धीर सुटला होता. मग एका सकाळी ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "केस विंचर गो माझे. माणसं येतील बघायला."

आता ती काठी घेऊन चालते. हट्टाने खांबला परत गेली, पण शेजारच्या काकूही एकट्याच, म्हणून दोघींचा स्वयंपाक एकत्र होतो. परवा फोन केला तर म्हणाली, "मागनं कर. आम्ही जेवतोय."